छटाकरावांचा दाखला

सकाळचे पावणेनऊ वाजले होते. घरातली तिन्ही माणसं पायांत चपला-बूट घालून बाहेर पडली होती, तरी जिन्याखालून पुढे कुणी हलत नव्हतं, कारण छोटी चौथ्यांदा वर गेली होती, कुलूप ओढून बघायला.

"अगं, लागलंय ते! मी स्वतः लावलंय," आई खालून ओरडली.

वरून कुलूप ओढल्याचा आवाज आला, मग पुन्हा आला, आणि मग दार उघडल्याचा. म्हणजे आता गॅसचं बटण बघणं आलं. आईने भिंतीला पाठ टेकली. ती ज्या शाळेत ग्रंथपाल होती तिथे नऊच्या ठोक्याला सही करावी लागे, आणि या महिन्यात तिच्या नावापुढे सहा वेळा लाल शेरा पडला होता.

वडील मात्र मिशीत हसत होते. "तपासून घेतेय. माझ्यावर गेलीय पोरगी."

हे वडील म्हणजे वजनमाप खात्यातले निरीक्षक. दुकानोदुकानी जाऊन काटे तपासायचे, वजनं तोलून बघायची, बरोबर निघाली तर शिक्का मारायचा आणि खोटी निघाली तर जप्त करायची, हे त्यांचं काम. एकदा त्यांनी एका वाण्याला इतक्या बारीक फरकावरून धरलं की अख्ख्या बाजाराने त्यांचं नाव छटाकराव ठेवून दिलं. ते कानावर आलं तेव्हा साहेब रागावतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते उलट दोन दिवस खुशीत होते. संशय घेण्याचा त्यांना पगार मिळत असे, आणि घरी आल्यावर ते तेच काम फुकट करत. दूधवाल्याचं माप, विजेचं बिल, शेजाऱ्याने विनाकारण केलेला नमस्कार, काहीही त्यांच्या हातून तपासल्यावाचून सुटत नसे.

छोटी पंचवीस वर्षांची होती, पण घरात अजून छोटीच. औषधांच्या दुकानात ती काउंटरवर काम करायची. दुकानाचा नियम साधा होता: औषध काढलं की एकदा डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून बघायचं, आणि गिऱ्हाइकाच्या हातात देताना एकदा नाव आणि तारीख बघायची. छोटी पंधरा-पंधरा वेळा बघू लागली होती. रांग वाढायची, लोक कटकट करत समोरच्या दुकानात जायचे. संध्याकाळी ती बिलांवरचे फोन नंबर काढून गिऱ्हाइकांना विचारायची, "मी बरोबर गोळ्या दिल्या होत्या ना?" असा फोन आल्यावर माणूस घाबरणार नाही तर काय करील! एकाने तक्रार केली.

दुकानाच्या मालकीणबाई भल्या होत्या. त्यांनी छोटीला आत बोलावलं. "पोरी, तुझ्या हातून आजवर एक चूक झाली नाही. पण हे असं चालायचं नाही. तीन महिने रजा घे, बरी होऊन ये. तोवर जागा राखून ठेवते. त्यानंतर मात्र मला दुसरी मुलगी बघावी लागेल."

छोटी घरी येऊन रडली. ती नोकरी तिने स्वतः मिळवली होती. घरी बसलो तर पुन्हा कधी बाहेर पडणारच नाही, ही धास्ती तिला आतून पोखरत होती.

छटाकरावांनी यावर आपल्या खाक्याप्रमाणे इलाज काढला. त्यांनी पोरीला दाखला द्यायला सुरुवात केली! बाहेर पडताना स्वतः कुलूप ओढायचं, गॅस बघायचा आणि चिठ्ठीवर लिहायचं: "तपासले. बरोबर आहे." खाली तारीख आणि सही. पुढे तर त्यांनी घरच्यापुरता एक गोल रबरी शिक्काही करून आणला. पहिल्या दिवशी छोटी ती चिठ्ठी घेऊन सरळ जिना उतरली आणि कोपऱ्यावरून भाजी घेऊन आली. शंका आली की चिठ्ठी काढून वाचायची. छटाकरावांचा आनंद गगनात मावेना.

चार दिवसांत एका चिठ्ठीच्या दोन झाल्या. मग चिठ्ठीवर वेळ लागू लागली. मग एक दिवस छोटीने विचारलं, "बाबा, सही करताना तुम्ही खरंच बघितलं होतं ना? की नुसतीच केली?" सरकारी सहीवर शंका! छटाकरावांना वाईट वाटलं, पण त्यांनी पुन्हा वर जाऊन कुलूप ओढलं आणि नवा दाखला दिला.

शेवटी आई तिला नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "हा स्वभाव नव्हे, आजार आहे. आणि यावर उपचार आहेत. थेरपिस्टकडे न्या, पण नोंदणी असलेल्या," असं म्हणून त्यांनी कागदावर एका बाईंचं नाव आणि नंबर लिहून दिला.

छटाकरावांनी तो कागद उजेडात धरून उलटसुलट पाहिला. "यांचं काहीतरी टक्केवारीचं असणार," ते म्हणाले.

"अहो, सगळ्या जगाचा काटा खोटा नसतो," आई म्हणाली. "फोन तर करा."

त्यांनी फोन केला, पण चोर पकडायला निघाल्यासारखा. थेरपिस्टबाईंनी शांतपणे सांगितलं. दर आठवड्याला एक भेट, पाऊण तासाची. पहिल्या दोन भेटी नुसतं समजून घ्यायला. एकूण बारा ते सोळा भेटी धरून चाला, कमी-जास्त होतील. गरज वाटली तर औषधांसाठी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवीन. फी दर भेटीची अमुक अमुक.

"आणि गॅरंटी?" छटाकरावांनी विचारलं.

"गॅरंटी नाही देता येत. बहुतेकांना खूप फरक पडतो, एवढं सांगू शकते."

छटाकरावांनी फोन ठेवला आणि आईकडे वळले. "ऐकलंस? पाऊण तास गप्पा मारायच्या, सोळा वेळा, आणि वर गॅरंटी नाही! नुसतं बोलायचे पैसे! बोलायला मी नाही का घरात?"

"दाताच्या डॉक्टरला नुसतं तोंड उघडायचे दिलेत की," आई म्हणाली. पण छटाकरावांचं ठरलं होतं.

नेमका त्याच सुमारास छोटीचा मामा आला. मामाची ओळख नाही असा माणूस गावात सापडणं कठीण. "भावोजी, कशाला ते सोळा आठवडे? माझा एक मित्र आहे. मनाचा मेकॅनिक म्हणतात त्याला. एकवीस दिवसांत माणूस नवा! लेखी गॅरंटी!"

लेखी म्हटल्यावर छटाकराव विरघळले. दुधात बोट बुडवून पाणी किती ते सांगणारा हा माणूस मामाच्या मागोमाग त्या मेकॅनिककडे गेला. काचेचं दार, थंडगार खोली, भिंतभर फ्रेममध्ये लावलेली सर्टिफिकेटं. मेकॅनिकने पांढरा कोट घातला होता. त्याने छोटीकडे तीन मिनिटं पाहिलं आणि निदान सांगितलं: हिच्या मनात नकारात्मक कचरा साचलाय, झाडून काढू. गॅरंटीचा कागद त्याने पुढे केला. सगळे पैसे मात्र आधी, आणि आजच भरले तर सवलत. छटाकरावांनी कागदावरचं प्रत्येक वाक्य दोनदा वाचलं, त्यात त्यांना एकही चूक सापडली नाही, आणि त्यांनी पैसे भरले.

एकवीस दिवस छोटी मनगटात रबर अडकवून फिरली. शंका आली की रबर ताणून सोडायचं आणि "मी बिनधास्त आहे" असं मोठ्याने म्हणायचं. मनगट लाल झालं. शंका जिथल्या तिथे. बाविसाव्या दिवशी मेकॅनिक म्हणाला, "मुलीची श्रद्धाच कमी पडतेय. गॅरंटी श्रद्धा असणाऱ्यांना आहे, खाली बारीक अक्षरांत लिहिलंय बघा. आता दुसऱ्या पातळीचा कोर्स करावा लागेल."

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण त्या रविवारी मामा घरी आला आणि चहा पिता पिता हसत म्हणाला, "काय गं छोटे, तुला म्हणे वाटतं की तू चुकीच्या गोळ्या देऊन कुणाला तरी मारून टाकशील? मित्र सांगत होता. म्हटलं, आमची पोरगी आणि खून!"

छोटीचा चेहरा पांढराफटक पडला. हे तिने आयुष्यात कुणालाही सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. बंद दाराआड, डोळे मिटून, त्या पांढऱ्या कोटावर भरवसा ठेवून एकदाच सांगितलं होतं. ती उठली, आपल्या खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली.

आणि छटाकरावांच्या मनात काय आलं? लिहितानाही लाज वाटते, पण लपवण्यात अर्थ नाही. त्यांना पोरीचाच संशय आला. खरंच हिच्या हातून तसं काही झालंय का? काही लपवतेय का? त्या दिवशी ते तीनदा तिच्या दारापाशी जाऊन कान लावून आले. छोटी जेवायला बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशीही तिने ताटलीतलं अर्धं तसंच परत पाठवलं. तीन महिन्यांतला एक महिना केव्हाच सरला होता, आणि जी पोरगी निदान कोपऱ्यापर्यंत जात होती ती आता खोलीच्या बाहेरही येईना.

सोमवारी छटाकराव कामावर गेले, पण कामात जीव नव्हता. बाजाराच्या टोकाला काटे दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींचं दुकान होतं. तिथे एक जप्त केलेला काटा दाखवायचा होता. मिस्त्री चष्मा कपाळावर चढवून काम करत होते. छटाकरावांना या मिस्त्रींचाही जुना संशय होता. दर बुधवारी दुपारी हा माणूस शटर ओढून गायब होतो तो जातो कुठे? नक्कीच कुठेतरी चोरून काटे फिरवत असणार. पण पुरावा कधी हाती लागला नव्हता.

"साहेब, तब्येत बरी नाही वाटतं," मिस्त्री म्हणाले.

छटाकराव एरवी घरचं बाहेर बोलत नसत. पण त्या दिवशी उभ्याउभ्या सगळं बाहेर पडलं. पोरीचं कुलूप, दाखले, मेकॅनिक, मामा, बंद खोली. मिस्त्रींनी हातातला पेचकस खाली ठेवला.

"त्या मेकॅनिकचा नोंदणी नंबर विचारलात?"

"भिंतभर सर्टिफिकेटं होती हो!"

"त्यांवर सही कुणाची होती?"

छटाकराव आठवू लागले. सोनेरी चौकटी आठवल्या, लाल फिती आठवल्या. आणि मग खालची सही आठवली. "त्याचीच," ते हळूच म्हणाले.

"आता मला सांगा साहेब. एखाद्या दुकानदाराने आपल्या वजनावर आपणच शिक्का मारून घेतला, तर तुम्ही काय करता?"

"जप्त करतो."

"आणि एखादा दुरुस्तीवाला म्हणाला, हा काटा आता जन्मात बिघडणार नाही, लेखी देतो?"

"तो लबाड!" छटाकराव सवयीने बोलून गेले, आणि बोलता बोलता थांबले.

मिस्त्री उठून जवळ आले. "तीस वर्षं झाली, खात्याचं लायसन असल्याशिवाय तुम्ही मला काट्याचा साधा स्क्रू फिरवू दिला नाहीत. लायसन एक दिवस उशिरा नवं झालं तेव्हा माझं दुकान बंद ठेवलंत. बरोबरच केलंत. मग साहेब, तुमच्या पोरीचं मन उघडायला तुम्ही कुणालाही कसं बसवलंत?"

छटाकराव समोरच्या स्टुलावर बसले.

"मी बुधवारी कुठे जातो, हे तुम्ही दोनदा माझ्या कामगाराला विचारलंत. तो मला सांगतो सगळं," मिस्त्री हसले. "थेरपिस्टकडे जातो. बायको गेल्यावर मला दुकानाचं शटरच उघडवेना. किल्ली हातात घेऊन फूटपाथवर उभा राहायचो. लोकांना वाटायचं म्हातारा काहीतरी विसरला. वर्षभर लपवलं, कारण लोक वेडा म्हणतील. तुम्ही लबाड समजत होता, ते त्यातल्या त्यात बरं वाटायचं!"

"मग... फरक पडला?"

"शटर उघडं दिसतंय ना तुम्हाला? आधी सरकारी दवाखान्यात जात होतो, तिथे अगदी थोडक्या पैशात होतं, पण नंबर लागायला वेळ जायचा. मग एका नोंदणीवाल्या बाईंकडे. त्यांना म्हटलं, एवढी फी झेपत नाही. त्या म्हणाल्या, माझ्याकडे काही जागा कमी फीच्या आहेत, आधी का नाही विचारलंत? साहेब, विचारायला लाजू नका. संशय घ्या, भरपूर घ्या. पण तो योग्य जागी घ्या."

त्या संध्याकाळी छटाकरावांनी डॉक्टरांचा तो कागद शोधून काढला. बाईंच्या नावापुढे नोंदणी क्रमांकही लिहिलेला होता. त्या दिवशी कागद उजेडात धरून पाहिला, पण तेवढाच आकडा नजरेतून सुटला होता! दुसऱ्या दिवशी त्यांनी नोंदणी करणाऱ्या परिषदेच्या कार्यालयात फोन लावला, दोनदा फोन कापला गेला, तिसऱ्यांदा लागला. क्रमांक खरा होता, नाव जुळलं, मुदतही चालू होती.

छोटीला तयार करणं सोपं नव्हतं. "पुन्हा सगळ्यांना सांगतील," ती दाराआडूनच म्हणाली.

आई दाराशी जमिनीवर बसली. "तिथलं बोलणं बाहेर जातं का, ते आम्ही आधी विचारू. तू पहिल्या दिवशी काही बोलू नकोस. आवडलं नाही तर उठून ये, कुणी एक शब्द विचारणार नाही तुला." दोन दिवसांनी कडी निघाली.

थेरपिस्टबाईंची खोली लहान होती. चार खुर्च्या, एक घड्याळ, खिडकीला साधा पडदा. भिंतीवर एकच फ्रेम, नोंदणीची. छटाकरावांनी ती जवळ जाऊन वाचली, मागचा खिळाही पाहिला. मग खिशातून प्रश्नांची यादी काढली. शिक्षण काय? या आजाराचा अनुभव किती? फीची पावती मिळेल का? मधेच सोडलं तर? बाईंनी एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं, कुठेही चिडल्या नाहीत.

"आणि ती इथे काय बोलते ते मला दर आठवड्याला सांगाल ना? मी बाप आहे."

"नाही सांगणार," बाई म्हणाल्या.

"म्हणजे? पैसे मी भरणार आणि..."

"पैसे तुम्ही भराल, पण बोलणं तिचं आहे. तिच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला तर मी गप्प बसणार नाही, हे तिलाही आधीच सांगणार आहे. बाकी तिच्या परवानगीशिवाय एक शब्द नाही."

छटाकरावांचा पारा चढला होता. पण त्यांनी शेजारी पाहिलं. छोटीने महिनाभरात पहिल्यांदाच मान वर केली होती आणि ती बाईंकडे टक लावून बघत होती. छटाकरावांनी यादीची घडी घालून खिशात ठेवली.

पैशाचं जमवावं लागलं. मेकॅनिकला दिलेले तर गेलेच होते. मालकीणबाई वाट बघत होत्या, म्हणून सरकारी दवाखान्याच्या रांगेत थांबायला सवड नव्हती. छटाकरावांनी मनाचा हिय्या करून विचारलं, "कमी फीची जागा आहे का?" तीस वर्षांत ज्याने एक पैशाची सूट कुणाला दिली नव्हती आणि कुणाकडे मागितली नव्हती, त्याला ते वाक्य जड गेलं. कमी फीची जागा तेव्हा भरलेली होती. पण बाई म्हणाल्या, चार भेटी झाल्यावर एक रिकामी होईल, ती तुमची. तोवरच्या पूर्ण फीसाठी छटाकरावांनी नव्या स्कूटरचा विचार पुढे ढकलला.

तिसऱ्या भेटीनंतर बाईंनी आईवडिलांना आत बोलावलं. छोटी शेजारीच बसली होती. "काय सांगायचं ते आम्ही दोघींनी ठरवलंय," बाई म्हणाल्या. "तिला जो भीतीदायक विचार येतो तो या आजारात पुष्कळांना येतो. तो विचार येतो म्हणून ती वाईट नाही. उलट कुणाला इजा होऊ नये याची तिला इतकी काळजी आहे, की मन तिला त्याच जागी पुन्हा पुन्हा पकडतं. तिच्या हातून कुणालाही काही झालेलं नाही."

छटाकरावांनी मान खाली घातली. तीनदा दाराला कान लावून उभे राहिले होते, ते त्यांना आठवलं.

"आता तुमचं एक काम. ते दाखले बंद करायचे."

"दाखले?" छटाकराव ताठ झाले. "अहो, त्यानेच तर तिला धीर येतो!"

"येतो. दहा मिनिटं येतो. मग उतरतो आणि पुढचा दाखला लागतो. आधी किती देत होता?"

"एक."

"आता?"

छटाकराव बोटांवर मोजू लागले आणि मधेच थांबले. गेल्या आठवड्यात इथे यायला निघताना अकरा चिठ्ठ्या झाल्या होत्या.

"तुम्ही सही केलीत की तिचं मन शिकतं, सहीशिवाय आपलं खरं नाही," बाई म्हणाल्या. "शंका आली की ती न तपासता तशीच सहन करायची. आधी फार जड जातं, मग हळूहळू शंकाच थकते. इथे आम्ही तेच शिकतोय, एकेक पायरी. पण घरी दाखला मिळत राहिला तर इथलं सगळं वाया जाईल."

"म्हणजे मी!" छटाकराव खुर्चीतून अर्धवट उठले. "म्हणजे मी माझ्याच हाताने माझ्या पोरीला... अरे देवा!"

"बाबा, तुम्ही मला बरं वाटावं म्हणूनच करत होतात," छोटी म्हणाली. एवढं ऐकलं आणि सगळ्या बाजाराला कापरं भरवणारा तो माणूस पोरीसमोर ढसाढसा रडला. आईने त्यांच्या हातात रुमाल दिला, आणि मग स्वतःलाच लागला म्हणून परत घेतला.

दाखले बंद झाले. पहिला आठवडा भयंकर गेला. छोटी चिडली, रडली, "एकदाच सांगा ना बाबा!" म्हणून विनवू लागली. छटाकराव दात आवळून म्हणत, "यावर मी उत्तर देणार नाही बाळा. पण मी इथेच आहे." हे वाक्य बाईंनी शिकवलं होतं आणि ते म्हणताना खिशातल्या पेनाकडे जाणारा हात ते मागे घेत. मामाला आईने फोनवर असं काही सुनावलं की तो दोन महिने घराकडे फिरकला नाही. मेकॅनिकविरुद्ध छटाकरावांनी लेखी तक्रार केली. तिचा निकाल अजून लागलेला नाही.

छोटी एकदम बरी झाली नाही. एखादा दिवस चांगला जाई, एखादा पार बिघडे. पण पाचव्या आठवड्यात ती एकटी बाजारात गेली. सातव्या आठवड्यात बाईंबरोबर ठरवून औषधाच्या दुकानात अर्धा तास नुसती उभी राहून आली. आणि रजेचा शेवटचा दिवस उलटला तेव्हा ती मालकीणबाईंसमोर हजर झाली. "पूर्ण बरी नाही झाले. पण काम करू शकेन असं वाटतंय." मालकीणबाईंनी तिला आत घ्यायला काउंटरची फळी उचलली.

छटाकरावांना कुणी बोलावलं नव्हतं. पण योगायोग असा की त्याच सकाळी त्यांना औषधाच्या दुकानासमोरच्या फळवाल्याचा काटा तपासावासा वाटला! काट्यावर वजन ठेवायचं आणि नजर रस्त्यापलीकडे.

"साहेब, हेच वजन तुम्ही तिसऱ्यांदा ठेवलंत," फळवाला घाबरून म्हणाला. "काही चुकलंय का माझं?"

"गप्प बस जरा."

पलीकडे काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले. छोटीने चिठ्ठी घेतली, औषध काढलं, चिठ्ठीशी ताडलं. नाव बघितलं, तारीख बघितली, पिशवीत घातलं. म्हाताऱ्यांनी पिशवी हातात घेतली आणि सहज विचारलं, "नीट बघून दिलंस ना पोरी?"

छोटीचा हात पिशवीकडे गेला. बोटं कागदाला लागली. क्षणभर ती तशीच राहिली, आणि छटाकरावांना इथून ओरडून सांगावंसं वाटलं, बघितलंस, मी पाहिलंय! त्यांनी ओठ घट्ट मिटले. छोटीने हात मागे घेतला.

"बघितलंय आजोबा. दुकानाच्या नियमाप्रमाणे, दोनदा." म्हातारे मान डोलावून निघून गेले. ती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली, काउंटर धरून, कितीतरी वेळ. मग तिने पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी घेतली.

"साहेब, तुम्ही रडताय?" फळवाल्याने विचारलं.

"ती माझी मुलगी आहे," छटाकराव म्हणाले. "आजारी होती. मनाचा आजार. उपचार चालू आहेत."

बाजारात, भर सकाळी, चार माणसं ऐकत असताना ते हे बोलले. फळवाल्याने इकडेतिकडे पाहिलं, हातातलं फडकं चाचपत राहिला आणि आवाज खाली करून म्हणाला, "माझा भाऊ वर्षभर घराबाहेर पडला नाहीये साहेब. एकाने गॅरंटी दिलीय. उद्या पैसे भरणार होतो."

वाचकहो, आपण रोज काय करतो ते एकदा आठवून बघा. घेतलेली वस्तू हातात तोलून बघतो, डब्यावरची तारीख वाचतो. पण माणसाच्या मनाचं दुखणं आलं की आधी ते लपवतो, आणि लपवता लपवता जो पहिला भेटेल त्याच्या स्वाधीन करतो. बोलण्याला पैसे कसले, असं म्हणून शिकलेल्या माणसाला टाळतो आणि गोड बोलणाऱ्याला जास्त मोजून येतो. मनाच्या आजाराची लाज धरू नका. ज्याने त्याचं रीतसर शिक्षण घेतलंय, ज्याच्या नावापुढे नोंदणी आहे, जो न जमणाऱ्या गोष्टीला नाही म्हणतो, त्याच्याकडे जा. फी झेपत नसेल तर तसं सांगा, सरकारी दवाखान्यात विचारा. विचारणाऱ्याचं काही जात नाही. न विचारणाऱ्याचं मात्र घरातलं माणूस जातं!

छटाकरावांनी काट्यावरचं वजन उचलून पेटीत ठेवलं, खिशातून पेन काढलं आणि फळवाल्याच्या पिशवीवर थेरपिस्टबाईंचं नाव, फोन आणि नोंदणी क्रमांक लिहिला. त्याखाली परिषदेच्या कार्यालयाचा नंबर लिहिला.

"आजच फोन कर," ते म्हणाले. "आणि माझ्या शब्दावर जाऊ नकोस. आधी या नंबरवर तपासून घे. एकदा तपास, आणि मग भावाला घेऊन जा."